औषधाची निवड आणि माणसाची निवड

मराठीत 'प्रकृती' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. आजारी माणूस भेटला की आपण विचारतो, "प्रकृती कशी आहे?" एखाद्याचा स्वभाव सांगताना म्हणतो, "त्याची प्रकृतीच तशी." अवघ्या सृष्टीलाही आपण प्रकृतीच म्हणतो. आरोग्य, स्वभाव आणि सृष्टी या तिहींसाठी एकच शब्द वापरणाऱ्या आपल्या पूर्वजांना एक गोष्ट नक्की ठाऊक असावी. आजार सर्वांना सारखा होत नाही आणि औषधही सर्वांना सारखे लागू पडत नाही. एकाला दही बाधते, दुसऱ्याच्या पोटाला तेच थंडावा देते. ज्या गोळीने थोरल्या भावाचा ताप उतरतो, तिनेच धाकट्याच्या अंगावर पित्त उठते. म्हणून औषध 'मानवले' की नाही, असे आपण विचारतो. औषध कितीही गुणकारी असो, ते ज्याला द्यायचे त्या माणसाला मानवले पाहिजे, हे शहाणपण या एका क्रियापदात साठवलेले आहे.

आमच्या कोडोलीत या शहाणपणाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदल्या आहेत. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कार्यातून येथे ख्रिस्ती दवाखाना उभा राहिला आणि पन्हाळा तालुक्यातील खेड्यापाड्यांतल्या माणसांना पाश्चात्त्य वैद्यकाची ओळख झाली. याच गावात यशवंत आयुर्वेदिक महाविद्यालय आहे. रोग्याला औषध देण्यापूर्वी त्याचा पिंड वाताचा, पित्ताचा की कफाचा हे ओळखावे, हा तेथील विद्येचा पहिला पाठ. एका परंपरेने रोगाची तपासणी शिकवली, दुसरीने रोग्याची. आज या दोन्ही वाटा अनपेक्षितपणे एकमेकींच्या जवळ येत आहेत. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातील प्रकृती आणि जनुकांतील भेद यांचा काही संबंध आहे काय, हे तपासणारा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. दिल्लीतील जीनोमविषयक संस्थेतही पुढे असे काम झाले. हे अभ्यास लहान आहेत आणि त्यांवरून घाईने मोठे निष्कर्ष काढू नयेत. परंतु त्यांमागचा प्रश्न जुनाच आहे: या विशिष्ट माणसाला काय मानवेल?

या प्रश्नाचे उत्तर आज शरीराच्या पेशीतच वाचता येऊ लागले आहे. आपल्या प्रत्येक पेशीत आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या वारशाची एक दीर्घ पोथी असते. तिच्यात सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत, आणि जनुके म्हणजे त्या पोथीतली अर्थपूर्ण वाक्ये. मानवी जीनोमचे पहिले वाचन १९९० साली सुरू झाले आणि २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. तेरा वर्षांचे ते काम आता काही दिवसांत होते. आपल्या देशातील दहा हजार व्यक्तींच्या जीनोमची माहितीही जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली. या विद्येचा पाया मात्र एका मठात घातला गेला, हे आपण विसरू नये. ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे वाढवली, त्यांच्या पिढ्या मोजल्या आणि आनुवंशिकतेचे नियम मांडले. १८६६ साली छापलेल्या त्यांच्या निबंधाचे महत्त्व जगाला १९०० साली, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी कळले. ईश्वराची निर्मिती बारकाईने वाचणे हाही उपासनेचा एक प्रकार असू शकतो, हे त्या वाटाण्याच्या वाफ्यांनी दाखवून दिले.

रुग्णाच्या वारशानुसार उपचार ठरवण्याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. १९५२ साली मुंबईत परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही अशा व्यक्ती आढळल्या की ज्यांचे रक्त कोणत्याही नेहमीच्या रक्तगटाशी जुळेना. साध्या चाचणीत ते 'ओ' गटाचे दिसे, पण 'ओ' गटाच्या रक्तालाही ते विरोध करी. 'ए' आणि 'बी' गटांची चिन्हे रक्तपेशीवर ज्या पायावर उभी राहतात, तो 'एच' नावाचा पायाच या लोकांत नसतो. आई आणि वडील या दोघांकडूनही तशी जनुके आली तरच असे घडते. त्यांचा शोधनिबंध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि वैद्यकाच्या इतिहासात या गटाला मुंबईचेच नाव मिळाले. 'बॉम्बे' रक्तगटाच्या माणसाला 'ओ' गटाचे रक्त चढवले तर ते जिवावर बेतू शकते. त्याला त्याच गटाचे रक्त लागते, आणि आपल्या देशात हा गट साधारणपणे दहा हजारांत एकाचा असे सांगतात.

या गोष्टीचा नैतिक अर्थ विचारात घेण्याजोगा आहे. येथे वारशाची माहिती झाल्यामुळे माणूस वेगळा पडला नाही, उलट जोडला गेला. दुर्मीळ रक्तगटाच्या लोकांच्या याद्या स्वयंसेवकांनी केल्या आणि एका जिल्ह्यातील रोग्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातला दाता धावून जाऊ लागला. त्यांची जात एक नसते, धर्म एक नसतो, कधी भाषाही एक नसते. चांगल्या शोमरोनी माणसाचा जो दृष्टान्त संत लूकच्या शुभवर्तमानात येतो, त्यात जखमी वाटसरूची जात शोमरोन्याने विचारली नाही. त्याने जखम पाहिली आणि तिला योग्य असे तेल व द्राक्षारस घातला. रक्तपेढीतला तंत्रज्ञ रक्तगट विचारतो तोही याच अर्थाने. हा कोण, हे त्याला ठरवायचे नसते. याला काय देता येईल, एवढेच त्याला पाहायचे असते.

औषधांच्या बाबतीतही तसेच आहे. हिवतापाचा एक प्रकार पुन्हा पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन हे औषध देतात. ज्यांच्या शरीरात जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर जन्मतः कमी असते, त्यांच्या रक्तपेशी या औषधाने फुटू लागतात. लघवी काळसर होते, कावीळ दिसते, रक्त झपाट्याने उतरते. ही उणीव आईकडून मुलाला येते आणि पुरुषांत अधिक आढळते. मुंबईच्या पारशी समाजात तिचा अभ्यास १९६०च्या दशकातच झाला होता. दक्षिणेकडील आर्य वैश्य समाजातील काही कुटुंबांत शस्त्रक्रियेच्या वेळी दिले जाणारे स्नायू सैल करणारे एक औषध लवकर उतरत नाही आणि रोग्याला श्वास घेणे कठीण होते. हे ठाऊक असलेला भूलतज्ज्ञ ते औषध टाळतो. फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन या गोळीने आशियातील काही लोकांच्या त्वचेवर प्राणघातक प्रतिक्रिया उमटते, आणि तो धोका एका जनुकीय चाचणीने आधी ओळखता येतो. स्तनाच्या कर्करोगात तर गाठीतल्या पेशींची जनुकीय घडण पाहूनच कोणते औषध द्यायचे हे आज ठरवले जाते. अशा ज्ञानाला विरोध करावा, असे ख्रिस्ती मनाला वाटण्याचे काहीच कारण नाही. जे ज्ञान निष्पाप माणसाला चुकीच्या गोळीपासून वाचवते, ते देवाच्या कृपेचेच एक साधन आहे.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की याच माहितीला एक दुसराही प्रश्न विचारता येतो. 'या माणसाला काय द्यावे?' हा पहिला प्रश्न. 'असा माणूस आपल्याला हवा काय?' हा दुसरा. चाचणी तीच, प्रयोगशाळा तीच, कागदावरची अक्षरेही तीच. पहिल्या प्रश्नात आपण औषधाची निवड करतो, दुसऱ्यात माणसाची. या दोहोंमधील सीमा न ओलांडणे, हा आमच्या मते या नव्या विद्येचा मुख्य नैतिक प्रश्न आहे. बाकीचे सारे प्रश्न याच्या पोटात येतात.

ही भीती कल्पनेतली आहे, असे कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. गर्भातील बाळाची वाढ पाहावी, आईचा जीव धोक्यात आहे काय ते कळावे, म्हणून सोनोग्राफीचे यंत्र आले. पडद्यावरची ती माहिती उपचारासाठी होती. आपल्या समाजाने तिला दुसरा प्रश्न विचारला. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. तरीही २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८३९ मुली उरल्या होत्या. २०११ साली हा आकडा ८६३ झाला. हा जिल्हा दरिद्री किंवा अशिक्षित नव्हे. येथे ऊस आहे, सहकारी कारखाने आहेत, दूधसंस्था आहेत, शाळा-महाविद्यालये आहेत. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत सोनोग्राफी यंत्रांवर 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारे उपकरण बसवण्यात आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली त्या आदेशाला मान्यता दिली. यंत्रावर पहारा बसवावा लागला, याचा अर्थ अंतःकरणातला पहारा उठला होता. लिंग ही तर वारशातली अगदी साधी गोष्ट. तिच्याबाबत आपण असे वागलो, तर हजारो जनुकांची यादी हाती आल्यावर कसे वागू?

याच यातनेतून एक मोठा कॅथोलिक शास्त्रज्ञ गेला. पॅरिसचे डॉ. जेरोम लेज्यून हे मंदबुद्धी मुलांवर उपचार करीत. १९५९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशीत एक गुणसूत्र जास्त असते, हे प्रसिद्ध केले. या शोधात डॉ. मार्थ गोतिये यांचाही मोठा वाटा होता आणि त्याच्या श्रेयाविषयी पुढे वाद झाला. लेज्यून यांची आशा अशी होती की कारण कळले म्हणजे कधी तरी औषधही सापडेल. झाले उलटे. औषध सापडण्यापूर्वी चाचणी सापडली आणि त्या चाचणीने ओळखलेली बाळे जन्मापूर्वीच नाकारली जाऊ लागली. ज्या मुलांना बरे करण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्यांनाच शोधून काढण्यासाठी त्यांचे ज्ञान वापरले गेले. त्यांनी उघडपणे विरोध केला आणि वैज्ञानिक जगातील पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली जीवनविषयक परमधर्मपीठीय अकादमीचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांची नेमणूक केली. त्याच वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी ते ख्रिस्तवासी झाले. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' म्हणून घोषित केले.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्याची आई प्रत्येक खेपेस एसटीने शहर गाठते, रांगेत बसते, मुलाच्या हातातली शीर सापडेपर्यंत त्याचे रडणे ऐकते. ती जर म्हणाली, "दुसरे मूलही असेच होणार असेल तर ते जन्माला येऊ नये," तर तिच्या तोंडावर नीतीचे वचन फेकण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. तिच्या बोलण्यात द्वेष नाही, थकवा आहे. परंतु तिच्या थकव्याचे उत्तर आपण काय देतो, यावर आपली परीक्षा होते. 'मूल नको' हे उत्तर समाजाला स्वस्त पडते, कारण त्यानंतर समाजाला काहीच करावे लागत नाही. रक्तदाते उभे करणे, औषधाचा खर्च वाटून घेणे, आईला एक दिवस विश्रांती देणे हे महाग पडते. १९८७ साली परमधर्मपीठाने 'दोनुम व्हिते' या सूचनापत्रात जी सीमारेषा आखली ती याच ठिकाणी. गर्भाची तपासणी बाळाच्या आणि आईच्या रक्षणासाठी, उपचारासाठी केली तर ती उचित. बाळाला नाकारण्याच्या हेतूने केली तर अनुचित. ज्या समाजाला ही रेषा पाळायची आहे, त्याने त्या आईच्या शेजारी उभे राहण्याची किंमतही मोजली पाहिजे. अन्यथा आपली नीती म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावरचे ओझे ठरेल.

याहून नाजूक प्रश्न विवाहाचा. विदर्भात, नंदुरबारमध्ये आणि अन्य आदिवासी भागांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठरले. तपासलेल्या व्यक्तीला कार्ड मिळते. ती निरोगी आहे, वाहक आहे की रोगी, हे त्यावर नोंदलेले असते. वाहक स्वतः सहसा आजारी नसतो. वाहकाचा विवाह निरोगी व्यक्तीशी झाला तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. विवाहापूर्वी कार्डे जुळवून पाहावीत, असा सल्ला दिला जातो. मग ही माणसाची निवड नव्हे काय?

आम्हांस वाटते, येथे घाई न करता विचार करावा. ख्रिस्तसभेला रक्ताच्या नात्याचा विचार नवा नाही. विवाहापूर्वी धर्मगुरू वधूवरांचे बाप्तिस्म्याचे दाखले मागतात, नाते विचारतात, मंदिरात पुकार होते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार चौथ्या पायरीपर्यंतचे रक्तनाते विवाहाला बाधक आहे. सख्खी चुलत, मामे, आते, मावस भावंडे याच पायरीत येतात. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानण्याची जुनी रीत आहे, म्हणून अशा विवाहासाठी बिशपांची सूट मागण्याचे प्रसंग येतात. अशा भावंडांत सरासरीने एक-अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे एकाच लपलेल्या दोषाच्या दोन प्रती एका अपत्यात एकत्र येण्याची शक्यता वाढते. हा हिशेब माहीत नसतानाही धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या एका अर्थाने कुटुंबांच्या वारशाची नोंद ठेवत होत्या.

१९३० साली पोप पायस अकरावे यांनी 'कास्ती कोन्नुबी' हे परिपत्रक काढले तेव्हा अमेरिकेतील अनेक राज्यांत 'निकृष्ट' ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचे कायदे होते, आणि तीन वर्षांनी जर्मनीतही तसा कायदा झाला. वंशशुद्धीच्या नावाखाली शासनाने कोणाला विवाहास बंदी करावी किंवा त्याचे शरीर निकामी करावे, हे पोपमहोदयांनी स्पष्टपणे नाकारले. काहींना विवाहापासून परावृत्त होण्याचा सल्ला देता येईल, हे मात्र त्यांनी मान्य केले. सल्ला आणि बंदी यांतील हे अंतर आजही आपल्याला उपयोगी आहे. दोन तरुण जीव एकमेकांना वचन देण्यापूर्वी आपल्या रक्तातील सत्य एकमेकांना सांगतात आणि पुढील जबाबदारीचा विचार करतात, तर त्यात प्रामाणिकपणा आहे. पण तेच कार्ड मध्यस्थाच्या हाती पडून पत्रिकेसारखे घरोघर फिरू लागले, आणि 'त्या घरात दोष आहे' असे कुजबुजले जाऊ लागले, की ती माणसाची निवड होते.

आपल्या समाजात असे होणार नाही, असे कोण म्हणेल? अंगावर कोड उठलेल्या मुलीची सोयरीक मोडते हे आपण पाहतो. कोड संसर्गजन्य नाही, त्याने जीवही जात नाही, तरी तिच्याबरोबर तिच्या बहिणींच्याही सोयरिकी अडतात. वराच्या रक्ताची तपासणी मागणारे वधूपिते फारच थोडे. तपासणीचा भार मुलीवर आणि दोषाचा डागही मुलीवर. म्हणून साधा नियम असा असावा: तपासणी करायची तर दोघांची, साखरपुड्यापूर्वी, आणि तिचे उत्तर त्या दोघांपुरते. दोघे वाहक असूनही एकत्र येण्याचे ठरवतील, तर धर्मग्रामाने त्यांना आशीर्वाद आणि आधार द्यावा. वाहक असणे हा कलंक नव्हे. सिकलसेलच्या वाहकाला तीव्र हिवतापापासून काही संरक्षण मिळते, आणि म्हणूनच हे जनुक हिवतापाच्या प्रदेशांत टिकून राहिले. ज्याला आपण दोष म्हणतो, त्यानेच कोणाच्या तरी पणजोबांचा जीव वाचवलेला असू शकतो.

येथून पुढचा प्रश्न उभा राहतो. ही माहिती कोणाची? माझ्या शरीरातली आहे म्हणून ती माझी, हे खरे. पण ती एकट्या माझी नाही. समजा, एखाद्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला आणि तो कुटुंबात चालत आलेल्या जनुकामुळे झाला असे चाचणीत निघाले. तर तिच्या सख्ख्या बहिणीत तेच जनुक असण्याची शक्यता साधारण निम्मी आहे, आणि तिच्या भावाकडून ते त्याच्या मुलीकडेही जाऊ शकते. तिने हे सांगावे काय? सांगितले तर भाचीचे लग्न अडेल अशी भीती. न सांगितले तर वेळेवर तपासणी न झाल्याने बहिणीचा जीव जाण्याची भीती. आणि बहीण जर म्हणाली, "मला काही कळायला नको, देवाने ठेवले तसे राहीन," तर?

आम्हांस असे वाटते की ज्या माहितीने दुसऱ्याचा जीव वाचू शकतो, ती गुप्त ठेवण्याचा हक्क फार दुबळा आहे. सांगणे हे कर्तव्य आहे. परंतु ऐकणे ही सक्ती नाही. बहिणीने एवढेच म्हणावे, "माझ्या आजाराविषयी तुझ्या उपयोगाची एक गोष्ट आहे. तुला हवी तेव्हा विचार." दार उघडे ठेवावे, आत ओढू नये. आणि भाचीच्या लग्नाची भीती ज्या समाजामुळे वाटते, त्या समाजात आपणही आहोत. कुटुंबे सत्य लपवतात, कारण शेजारी ते सत्य सांभाळतील असा विश्वास त्यांना वाटत नाही. चहाच्या बैठकीत दुसऱ्याच्या घरातला आजार सहज बोलला जातो तेव्हा आपण कोणाच्या तरी बहिणीची वेळेवर होणारी तपासणी थांबवीत असतो.

आणखी एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. जनुकांचे अक्षर म्हणजे कपाळावरची रेघ, अशी समजूत वाढत आहे. आपली जुनी म्हण याहून शहाणी आहे: ढवळ्याशेजारी बांधला पोवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण रक्तातून येतो, गुण संगतीतून लागतो. वारणेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. एकाच जातीच्या उसाची कांडी दोन शेतांत लावली तरी पाणी, खत आणि मशागतीप्रमाणे उतारा वेगळा पडतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांत वारशाचा भाग असला तरी आहार, श्रम, व्यसन आणि चिंता यांचाही भाग मोठा असतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. वारशात दोषी शोधण्याची खोड किती जुनी आहे आणि तिचे उत्तर काय, हे त्या प्रसंगात दिसते. प्रभूची स्वतःची वंशावळ संत मत्तयने दिली आहे, तिच्यात परक्या कुळातल्या आणि लोकांनी नावे ठेवलेल्या स्त्रियांचीही नावे आहेत. 'चांगले रक्त' शोधणाऱ्यांनी ती एकदा वाचावी.

शेवटी न्यायाचा प्रश्न. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी प्रारंभी आदिवासींतील सिकलसेलचा शोध घेतला. संशोधन महत्त्वाचे होते, पण ती लोकांची निकड नव्हती, आणि लोकांसाठी करायचे संशोधन लोकांना विचारून करावे, हा धडा त्यांनी स्वतःच पुढे सांगितला. गरिबाचे रक्त घेऊन ज्ञान मिळवायचे आणि त्या ज्ञानाचे औषध श्रीमंताला विकायचे, असे होता कामा नये. काही दुर्मीळ आनुवंशिक आजारांवरील एका इंजेक्शनाची किंमत सुमारे सोळा कोटी रुपये असल्याचे आणि त्यासाठी आईबापांनी लोकवर्गणी मागितल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. विम्याचेही तसेच. आनुवंशिक आजार आहे म्हणून सरसकट विमा नाकारणे हा भेदभाव आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले. अमेरिकेने २००८ साली जनुकीय भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. विमा हा मुळात एकमेकांचे ओझे वाहण्याचा करार आहे. ज्याचे ओझे जड त्याला बाहेर काढले, तर उरतो तो निव्वळ व्यापार.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना यातून करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणते आजार झाले, कोणाला कोणते औषध बाधले, हे एका वहीत लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. आनुवंशिकतेचा कोणताही डॉक्टर पहिली विचारपूस हीच करतो, आणि तिला पैसे पडत नाहीत. आपला रक्तगट जाणून घ्यावा आणि रक्त द्यावे. चाचणी करण्यापूर्वी विचारावे की उत्तर आल्यावर करता येण्यासारखे काही आहे काय. दुसऱ्याच्या घरचा अहवाल कानी आला तर तो आपल्यापाशीच ठेवावा. आणि ज्या घरात आनुवंशिक आजाराचे मूल आहे, त्या घरी मिस्सानंतर जाऊन पुढच्या खेपेस दवाखान्यात बरोबर कोण येणार, एवढे विचारावे.

पेशीतली ती पोथी आपण लिहिलेली नाही. ती आपल्याला वाचता येऊ लागली आहे, आणि वाचणाऱ्यावर जबाबदारी येते. तिच्या आधारे औषध निवडताना संकोच करू नये. माणूस निवडण्याची वेळ आली की मात्र ती मिटून ठेवावी, कारण पोथीतल्या अक्षरांपूर्वी ज्याने त्या माणसाला नावाने हाक मारली, त्याने ही निवड आपल्यावर सोपवलेली नाही.